मका, बेदाणे आणि आमचे सर

ग्रुपवर तीन वेळा मेसेज आला, "स्मरणिकेसाठी लेख कधी देतोस", म्हणून शेवटी आज बसलोय. मी १९९६ ची दहावीची बॅच, शेवटून दुसरा बाक. सध्या अमेरिकेत हायस्कूलच्या पोरांना नागरिकशास्त्र शिकवतो, हे सांगितलं की आपले बॅचवाले आधी हसून घेतात, हसा.

नववीत मूलभूत हक्क चालू होते आणि सर नेहमीप्रमाणे घसरले ते थेट मॅग्ना कार्टावर, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडून कबूल करून घेतलेल्या हक्कांच्या जुन्या सनदेवर. परीक्षेला येणार नव्हतंच ते. फळ्यावर इंग्रजीत कलम २८ लिहिलं आणि म्हणाले अर्थ सांगा. मी जन्मात पहिल्यांदा हात वर केला, "सर, हवालदारानं रोख पैसे दिल्याशिवाय कुणाचा मका उचलायचा नाही." सरांनी खडू खाली ठेवला. "साल काय लिहिलंय? १२१५. मका मूळचा अमेरिकेतला, आणि कोलंबस कधी निघाला? १४९२. मग इंग्लंडात मका कुणी नेला रे, तुझ्या मामानं?" वर्ग फुटला.

मग कळलं की कॉर्न म्हणजे तिथे कुठलंही धान्य आणि कॉन्स्टेबल म्हणजे राजाचा किल्लेदार. पुढचा अख्खा तास सर त्या किल्लेदारावरच बोलत होते, म्हणजे किंग जॉनला लढायांसाठी पैसा कमी पडायचा, मग त्याची माणसं लोकांची पोती उचलणार, गाड्या-घोडे नेणार, लाकूड तोडून नेणार, आणि पैसे? बघू नंतर. शेवटी सरदार भडकले आणि १५ जूनला थेम्सकाठी रनीमीडला त्याला गाठून सनद कबूल करायला लावली. त्याने सही केली असं कुणी लिहिलं की सर मार्क कापायचे, सही नाही, शिक्कामोर्तब! ऑगस्टमध्ये पोपने ती सनद रद्दही करून टाकली, जॉन मेल्यावर पुन्हा काढावी लागली.

आता इकडचं सांगतो. अमेरिकन राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती, १७९१ ची, म्हणते की खासगी मालमत्ता सार्वजनिक कामाला घेतली तर योग्य मोबदला द्यायचा. पोरांना वाटतं हे सगळं जेफरसन-मॅडिसन मंडळींनी फिलाडेल्फियात बसून डोक्यातून काढलं. मी कलम २८ वाचायला देतो आणि दरवर्षी कुणीतरी मका म्हणतंच, त्यांचा तरी काय दोष, त्यांच्याकडे कॉर्न म्हणजे मकाच. मी कोलंबसवालं वाक्य टाकतो, मामा वगळून.

आणि मग बेदाणे. तासगावच्या माणसाला यात मजा येईल. कॅलिफोर्नियातले हॉर्न नावाचे बेदाणेवाले नवरा-बायको. भाव पडू नये म्हणून सरकारी नियम असा की पिकाचा काही हिस्सा समितीला द्यायचा, २००२-०३ च्या हंगामात ४७ टक्के! एके दिवशी सकाळी आठला सरकारचे ट्रक दारात, आणि यांनी आतच घेतलं नाही, म्हणून लाखो डॉलरचा दंड. (आपल्याकडे सौद्यात किलोमागे दोन रुपये कमी आले तरी काय होतं ते आठवा.) केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २०१५ च्या जूनमध्ये हॉर्न जिंकले आणि सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी निकालात चक्क कलम २८ दिलं, किल्लेदार, धान्य, रोख पैसे सगळं. सनदेला ८०० वर्षं होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

मी वर्गात प्रत्येकाला १५ बेदाणे मोजून देतो आणि त्यातले ७ काहीही न बोलता काढून घेतो. एरवी मोबाईलमधून मान वर न करणारी पोरं अशी भांडतात म्हणून सांगू! त्याच भांडणात एका मुलीने विचारलं, की हे सगळं फक्त सरदारांसाठीच होतं ना? बरोबर पकडलं तिने. कलम ३९, कायद्याशिवाय अटक नाही, ते 'फ्री मॅन'साठी आणि गावातली निम्मी माणसं तर जमिनीला बांधलेली कुळं. १३५४ च्या कायद्यात ते 'कुठलाही माणूस, कुठल्याही स्थितीतला' असं झालं. तिथवर यायला माझे दोन तास जातात आणि पोर्शन मागे पडतो, अगदी सरांसारखा.

सर कार्यक्रमाला येणार असतील तर निकालाची प्रिंट आणतोय, त्या ओळीखाली पेनने रेघ मारून. मामाचं काय ते तेव्हा बोलू.