तुम्ही विचारलंत म्हणून: 14 भागांत असं काय आहे?

‘फायरफ्लाय’ या अमेरिकन विज्ञानकथेचा विषय निघाला की समोरचा हमखास विचारतो: जेमतेम 14 भागांची मालिका, तीही 2002 सालीच बंद पडलेली. तिच्यासाठी माणसं अजून एवढा जीव का टाकतात? उत्तरही बरेचदा तोच देऊन टाकतो. ‘अर्धवट राहिली ना, म्हणून हुरहुर.’

हे उत्तर मला अजिबात पटत नाही. अमेरिकन टीव्हीवर दर वर्षी कितीतरी मालिका अर्ध्यावर गुंडाळल्या जातात. त्यांची नावंही कुणाच्या लक्षात राहत नाहीत. नुसतं अपुरेपण पुरत असतं, तर त्या सगळ्यांचे चाहते आज गावोगाव भेटले असते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ 2517. पृथ्वी मागे पडली आहे, माणसं दुसऱ्या ग्रहांवर आणि चंद्रांवर वसली आहेत. मधल्या श्रीमंत ग्रहांची ‘अलायन्स’ ही सत्ता सगळ्यांना एका छत्राखाली आणायला निघते, काठावरचे ग्रह विरोध करतात, युद्ध होतं आणि काठावरचे हरतात. हरलेल्या बाजूचे सैनिक तपकिरी कोट घालायचे, म्हणून त्यांना ‘ब्राउनकोट्स’ म्हणत. त्यांच्यातलाच एक सार्जंट, माल्कम रेनल्ड्स, युद्धानंतर ‘फायरफ्लाय’ जातीचं एक जुनं मालवाहू यान विकत घेतो. ज्या सेरेनिटी खोऱ्यात त्याच्या बाजूचा निर्णायक पराभव झाला, त्याचंच नाव यानाला देतो. मग मिळेल ते भाडं, पडेल ते काम. त्यातलं निम्मं बेकायदेशीर.

यानावर नऊ माणसं आहेत. कुणी पळून आलेलं, कुणी पोटासाठी, कुणी नुसतं प्रवासी म्हणून चढलेलं आणि मग उतरलेलंच नाही. परग्रहवासी नाहीत, किरणांच्या तलवारी नाहीत. पोकळीत आवाज पसरत नाही हे पाळलेलं आहे, त्यामुळे बाहेरच्या दृश्यांत इंजिनाचा गडगडाट ऐकू येत नाही, फार तर गिटार किंवा फिडल वाजते. आणि सगळ्यात जास्त वेळ आपण कुठे असतो, तर स्वयंपाकघरात. लांबलचक लाकडी टेबल, एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या, भिंतींवर रंगवलेली फुलं. रोजचं जेवण म्हणजे प्रथिनांचे रंगीत गोळे. पहिल्या कथेत एक धर्मगुरू प्रवासभाड्याचा काही भाग म्हणून मळ्यातला माल घेऊन येतो आणि केली ही मेकॅनिक त्यातली एक स्ट्रॉबेरी डोळे मिटून, सावकाश खाते. काही सेकंदांचा प्रसंग. या जगात कुणाच्या वाट्याला काय येतं आणि काय येत नाही, ते तेवढ्यात कळतं.

आता ती बंद का पडली. मालिकेचा कर्ता जॉस व्हीडनने दोन तासांची सुरुवातीची कथा तयार केली होती, तिचंही नाव ‘सेरेनिटी’. फॉक्स वाहिनीला ती संथ वाटली, नायक फार उदास वाटला. वाहिनीने दुसरा, जास्त हाणामारीचा पहिला भाग मागितला. व्हीडन आणि त्याचा सहलेखक टिम मिनेअर यांनी एका वीकेंडमध्ये ‘द ट्रेन जॉब’ लिहून दिला आणि 20 सप्टेंबर 2002 ला मालिका तिथून सुरू झाली. वार शुक्रवार, म्हणजे ज्या रात्री तरुण प्रेक्षक घरी नसतो ती रात्र. पुढचे भागही क्रम मोडून दाखवले गेले. माणसं एकमेकांना कशी भेटली हे ज्या कथेत आहे, ती शेवटी 20 डिसेंबरला लागली. तोवर मालिका रद्द झाल्याचं जाहीरही झालं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तीन भाग त्या वेळी दाखवलेच नाहीत. प्रेक्षकसंख्या कमी होती हे खरंच आहे, पण गोष्ट उलटसुलट ऐकवायची आणि मग ऐकणारा टिकला नाही म्हणायचं, हा न्याय मला तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही.

चाहत्यांनी पोस्टकार्डं पाठवली, वर्गणी काढून ‘व्हरायटी’ या मनोरंजन-व्यवसायाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मालिका वाचली नाही. पण डिसेंबर 2003 मध्ये सगळे 14 भाग, योग्य क्रमाने, डीव्हीडीवर आले आणि ते इतके खपले की युनिव्हर्सलने चित्रपटाला पैसे दिले. 2005 च्या सप्टेंबरअखेर ‘सेरेनिटी’ प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र त्याने जेमतेम खर्चाएवढी कमाई केली आणि पुढचा चित्रपट आलाच नाही.

मी स्वतः ती डीव्हीडीवरच पाहिली, मैत्रिणीने अमेरिकेतून आणलेल्या. आणि पक्की अडकले ती ‘आउट ऑफ गॅस’ या भागात.

या भागाची सुरुवातच रिकाम्या यानाने होते. कॅमेरा एकेका दालनातून फिरतो, कुठेच कुणी नाही, आणि मग माल्कम धाडकन जमिनीवर कोसळतो. पोटातून रक्त वाहतंय, हातात इंजिनाचा एक लहानसा भाग. इथून गोष्ट तीन काळांत चालते. आत्ताचा जखमी माल्कम. काही तासांपूर्वीचा वाढदिवस, जिथे डॉक्टर केकवरच्या मेणबत्त्या विझवायला वाकतो आणि तेवढ्यात इंजिनाकडून आगीचा लोळ येतो. आणि कित्येक वर्षांपूर्वी हे यान विकत घेतलं, त्यावर एकेक माणूस आला, ते दिवस. तिन्ही काळांचा उजेड वेगळा ठेवला आहे, त्यामुळे आपण कुठे आहोत हे सांगावं लागत नाही.

बिघडलेला सुटा भाग क्षुल्लक. पण तो गेल्यामुळे इंजिन बंद, हवा बंद. उरली आहे ती काही तासांची. माल्कम बाकीच्यांना दोन छोट्या यानांतून पाठवून देतो आणि स्वतः मागे थांबतो. एक परकं यान येतं, त्यांच्याकडे तो भाग असतो, पण ते त्याच्यावर गोळी झाडतात. तो बंदूक रोखून त्यांना हाकलतो, भाग हातात ठेवतो, आणि रक्ताळलेल्या हातांनी इंजिनापर्यंत सरपटत जातो. तो भाग त्याच्या हातून निसटून खाली पडतो तेव्हा मी अजूनही श्वास रोखून धरते, पुढचं सगळं पाठ असूनही. अंतराळातली किती युद्धं पडद्यावर पाहिली असतील, पण एका सुट्या भागासाठी चाललेल्या या धडपडीपुढे मला ती सगळी फिकी वाटतात.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘आउट ऑफ गॅस’मध्ये आहे. ही हरल्यानंतर काय करायचं याची गोष्ट आहे. हरलेली माणसं सूड घेत नाहीत, रडतही बसत नाहीत. यान चालू ठेवतात, भाडं शोधतात, टेबलाभोवती जमून जेवतात. मालिका बंद पडल्यावर चाहते स्वतःला ब्राउनकोट्स म्हणवायला लागले आणि नुसतं नाव घेऊन थांबले नाहीत, वागलेही तसेच. 2006 पासून ते शहरोशहरी ‘सेरेनिटी’ चित्रपटाचे खेळ लावतात आणि पैसे ‘इक्वॅलिटी नाऊ’ या स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेला आणि इतर कामांना देतात. ‘कान्ट स्टॉप द सेरेनिटी’ हे त्या उपक्रमाचं नाव. दुःख झालेल्या माणसांनी खुर्च्या मांडायच्या, तिकिटं फाडायची, हिशेब ठेवायचा, हे मला फार मोठं वाटतं.

टोपीचीही गोष्ट सांगायलाच हवी. जेन हा यानावरचा भाडोत्री बंदूकबाज, मनाने कोरडा. ‘द मेसेज’ या भागात त्याला आईचं पार्सल येतं. तिने विणलेली टोपी: नारिंगी-पिवळी, कानांवर येणारी, वर गोंडा. जेन अडखळत पत्र वाचतो, टोपी लगेच डोक्यावर चढवतो आणि भलता खूश होतो. चाहते ती टोपी घरी विणायला लागले, एकमेकांना द्यायला लागले. गर्दीत ती दिसली की दोन अनोळखी माणसं थांबून बोलतात. हा भाग वाहिनीने 2002 मध्ये न दाखवलेल्या तिनांपैकी एक. 2013 मध्ये टोपीचे अधिकृत हक्क एका कंपनीला दिले गेले आणि घरी विणून विकणाऱ्यांना नोटिसा गेल्या. चाहते भयंकर संतापले, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. अधिकृत टोपी विकणाऱ्या ‘थिंकगीक’ने अखेर त्यातला नफा ‘कान्ट स्टॉप द सेरेनिटी’ला दिला.

2007 मध्ये स्टीव्हन स्वॉन्सन या अंतराळवीराने ‘फायरफ्लाय’ आणि ‘सेरेनिटी’च्या डीव्हीडी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेल्या. हे सांगताना मला आजही भरून येतं.

एक अवघड गोष्ट टाळणार नाही. 2021 मध्ये व्हीडनच्या आधीच्या मालिकांतल्या अभिनेत्रींनी त्याच्या वागण्याबद्दल जाहीर तक्रारी केल्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. त्यानंतर मालिका बघताना त्याचं नाव आलं की मन खट्टू होतं. पण ‘आउट ऑफ गॅस’ मिनेअरने लिहिला आहे, आणि केली ज्युएल स्टेटची आहे, माल्कमची उजवा हात असलेली झोई जीना टॉरेसची, आणि तो धर्मगुरू रॉन ग्लासचा, जो 2016 मध्ये गेला. त्यांचं काम मी कुणा एकाच्या नावावर सोडून देणार नाही.

बघायची असेल तर दोन तासांच्या ‘सेरेनिटी’ कथेपासूनच सुरुवात करा, ‘द ट्रेन जॉब’पासून नको. भाग डीव्हीडीच्या क्रमाने बघा, मधला एकही गाळू नका. ‘आउट ऑफ गॅस’ला पोचेपर्यंत ही माणसं तुमच्या ओळखीची झालेली हवीत. आणि चित्रपट सगळ्यात शेवटी. त्यात काही जणांचं जे होतं, ते आधी कळलं तर मालिकेतल्या हसण्याच्या जागांवर तुम्हाला हसता येणार नाही.