म्योने धरण, आणि 21 वर्षांचा होपगुड

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला येऊन तीन वर्षं झाली तरी म्योने धरण राहूनच गेलं होतं. मे महिन्यातल्या एका रविवारी निघालो आणि पहिली चूक तिथेच झाली. झोस्टपर्यंत रेल्वे मिळते, पण पुढे धरणाकडे जाणाऱ्या बसेस रविवारी मोजक्याच. एक डोळ्यांदेखत सुटली. मग स्टेशनसमोरच्या बाकावर डब्यातली पोळीभाजी तिथेच संपवली. तुम्ही शनिवारी जा, आणि परतीची बस आधी बघून ठेवा.

धरणाची भिंत 650 मीटर लांब आहे आणि तिच्यावरून चालता येतं. बाबागाड्या, सायकली, आइस्क्रीम, अगदी खडकवासल्याच्या चौपाटीची कळा. मधोमध थांबा आणि पाण्याकडे तोंड करा. समोर झाडीची एक टेकडी पाण्यात शिरलेली दिसते. 17 मे 1943 च्या मध्यरात्रीनंतर हे धरण फोडायला आलेली ब्रिटिश लँकेस्टर विमानं तिच्यावरून खाली उतरली ती पाण्यापासून जेमतेम 18 मीटरवर. उंची कळावी म्हणून पोटाखाली दोन दिवे लावलेले. दोन्हींचे झोत पाण्यावर जुळले की उंची बरोबर. चार टनांचं बॉम्बचं पिंप उलटं गरगर फिरवत सोडायचं, म्हणजे ते पाण्यावर टप्पे खात भिंतीला येऊन भिडतं. लहानपणी तळ्यात भाकऱ्या काढायचो, तोच प्रकार.

पहिला आला तो तुकडीचा प्रमुख गिब्सन. दुसरा जॉन होपगुड, वय 21. वाटेतच गोळ्या लागून तो आणि त्याचे काही सोबती जखमी झाले होते. तरीही तो सरळ तोफांच्या समोर आला. विमान पेटलं, पिंप किंचित उशिरा सुटलं, भिंतीवरून उडी मारून पलीकडच्या वीजघरावर फुटलं. म्हणजे कामगिरी फसलीच. पण मला इथवर आणलं ते त्यानंतरच्या काही सेकंदांनी. होपगुडने जळतं विमान जमेल तेवढं वर खेचलं, सोबत्यांना हवाई छत्री उघडण्याइतकी उंची मिळावी म्हणून. शेपटाकडच्या तोफेवरच्या बर्चरने पाय जायबंदी झालेल्या सोबत्याला, मिंचिनला, छत्री अडकवून आधी बाहेर ढकललं, मग स्वतः उडी घेतली. पुढून फ्रेझर निसटला. मिंचिन वाचला नाही. विमान ओस्टोननजवळ पडलं. वेर्लहून झोस्टला येताना गाडी त्याच भागातून जाते; खिडकीतून नुसती शेतं दिसतात.

भिंत शेवटी पाचव्या विमानाने फोडली. इथूनच परत फिरू नका, जमलं तर खाली नेहाइमला जा. पाण्याने तिथली सक्तीच्या मजुरांची छावणीच नेली. त्या पुरात बाराशेंहून जास्त माणसं गेली, निम्म्याहून अधिक परदेशी, आणि छावणीत बहुतेक पूर्वेकडून धरून आणलेल्या बायका. आमच्या आजीची कालगणना ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशी होती, त्यामुळे असेल, होपगुडबद्दल वाटणारं कौतुक मला तिथे नीट धरून ठेवता येईना. अजूनही येत नाही.

त्याची कबर ऱ्हाइनबर्गला, युद्धस्मशानात आहे. दोन्ही एका दिवसात उरकायला जाऊ नका, दिशा उलट्या आहेत. ड्युइसबर्गहून क्सान्टेनची लोकल घ्यायची, ऱ्हाइनबर्गला उतरायचं. स्मशान गावाबाहेर आहे, बरंच चालावं लागतं, सावली कमी. पाण्याची बाटली घ्या. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावरून कबरीचा क्रमांक आधीच लिहून न्या. मी नेला नव्हता. तीन हजारांवर दगड, सगळे एकाच मापाचे, बहुतेक वैमानिक मंडळी. रांगेने वयं वाचत गेलो: 20, 22, 19. विशीतली पोरं सगळी. होपगुडचा दगड सापडला तेव्हा खालच्या ओळीवर गवताची कापलेली पाती चिकटली होती, ती बोटाने काढली. विमानातल्या सातांपैकी पाच याच स्मशानात आहेत.

परतताना रस्त्याच्या कडेची लाल पट्टी चालायची समजू नका. ती सायकलवाल्यांची. मागून घंटी वाजली तेव्हा कळलं.