गेलेला निळा रंग परत आला

हळदीचा डाग पडला की आमच्याकडे सांगलीत साबण घासत बसत नाहीत, कपडा धुऊन गच्चीवर उन्हात टाकतात. त्यामुळे उन्हात मेथिलीन ब्लू हा निळा रंग घालवायचं प्रोजेक्ट घरी समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत. रंग घालवणं तसं सोपंच होतं. १०० मिली द्रावण, १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) रंग, आणि कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक म्हणून ५० मिलिग्रॅम झिंक ऑक्साइडची पावडर. पावडरला चिकटायचा तेवढा रंग चिकटावा म्हणून अर्धा तास अंधारात ढवळायचं, मग ऊन. दर पंधरा मिनिटांनी सॅम्पल काढून ६६४ नॅनोमीटरला, म्हणजे हा रंग जो प्रकाश सर्वात जास्त शोषतो तिथे, किती रंग उरला त्याचं रीडिंग.

सर म्हणाले, ‘‘रंग गेला हे दिसतंय. घालवला कुणी?’’

त्यासाठी स्कॅव्हेंजर. प्रकाशाने कॅटॅलिस्टमधला इलेक्ट्रॉन उडतो, मागे त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरते, आणि दोघांपासून पुढे सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल असे रंगावर तुटून पडणारे कण तयार होतात. एकेकाला गिळणारं रसायन घालायचं. ज्याच्यामुळे काम मंदावेल त्यावरून खरा कर्ता ओळखायचा. हायड्रॉक्सिलला आयसोप्रोपेनॉल, सुपरऑक्साइडला बेंझोक्विनोन, होलला ईडीटीए. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

आयसोप्रोपेनॉलने वेग मुकाट्याने कमी झाला. ईडीटीएने उलटंच केलं. बाष्पीभवन नको म्हणून मी फ्लास्कला बूच लावलं होतं. रंग नेहमीपेक्षा लवकर गेला! मी खुशीत रीडिंग लिहिलं, क्युव्हेट (रीडिंग घ्यायची छोटी पारदर्शक कुपी) तशीच उघडी ठेवून डबा खायला गेले. परत येऊन बघते तर क्युव्हेटमध्ये वरून खाली निळसर झाक उतरत होती. मला आधी वाटलं, कुणीतरी सॅम्पल बदललं.

सरांनी एवढंच विचारलं, ‘‘कॅटॅलिस्ट न घालता केलंस का?’’ नव्हतं केलं. केलं, तर त्या बंद फ्लास्कमध्येही रंग उडाला. म्हणजे उन्हात ईडीटीए स्वतःच मेथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन देत होता. रंग मोडला नव्हता, बिनरंगी ल्यूको रूपात गेला होता, आणि हवा लागताच परत निळा.

त्यात आणखी एक घोळ. मी ईडीटीए १० मिलीमोलर घेतला होता, म्हणजे १०० मिलीला ३७२ मिलिग्रॅम. सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी कॅटॅलिस्टची पांढरी गोळी जेमतेमच दिसत होती. ईडीटीए झिंकला धरून विरघळवतो, शिवाय डायसोडियम मीठ असल्याने द्रावण आम्लधर्मी. झिंक ऑक्साइडला दोन्ही मारक. कॅटॅलिस्टच पळून गेल्यावर होलचं काय मोजणार!

मग प्रत्येक स्कॅव्हेंजरची ब्लँक, म्हणजे कॅटॅलिस्टशिवायची चाचणी, उघडा बीकर, सारखा पीएच, असं सगळं परत. त्यात पाच आठवडे गेले, त्यातले बरेचसे ढग जाण्याची वाट बघण्यात. बेंझोक्विनोनचाही भरवसा फारसा नाही. तो स्वतःच कॅटॅलिस्टवरचे इलेक्ट्रॉन घेतो आणि उन्हात बदलतो. ग्राफमध्ये त्याचा बार मी ठेवला, पण खाली तसं लिहून. ईडीटीएचा काढून टाकला. मैत्रीण म्हणाली, ग्राफ ओका-बोका दिसतोय.