ड्रॉवरचा स्क्रू नुसताच फिरतोय?

कपाट पार्टिकल बोर्डचं असेल. पार्टिकल बोर्ड म्हणजे डिंकात दाबलेला भुसा. एकदा भोकातले आटे झिजले की स्क्रू पकडच घेत नाही. जाड स्क्रू अजिबात मारू नका, भोक आणखी फुटतं.

ड्रॉवर काढा, चॅनल (ड्रॉवर सरकतो ती पट्टी) सोडवा. १८ मिमी फळीत ड्रिलच्या ८ मिमी बिटने १२ मिमीच खोल भोक पाडा. बिटला १२ मिमीवर टेप गुंडाळली की आरपार जात नाही. भुसा झटका. फेविकॉल लावून ८ मिमीची लाकडी खुंटी ठोका, २४ तास थांबा. मग २.५ मिमीचं भोक पाडून ३.५×१६ चा (३.५ मिमी जाड, १६ मिमी लांब) स्क्रू हातानेच आवळा. ड्रिलने आवळलात तर पुन्हा तेच!

सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलर कपाटाला चिकटून ठेवू नका. ओलीने फुगलेल्या बोर्डात खुंटीही टिकत नाही, तिथे फळीच बदलावी लागते.