पहिली ड्युएथलॉन आणि जड झालेले पाय

रंकाळ्याच्या काठाने पहाटे धावण्याची माझी सवय जुनी आहे. मात्र ५ किलोमीटर धाव, २० किलोमीटर सायकल आणि लगेच पुन्हा २.५ किलोमीटर धाव अशी ड्युएथलॉन मी यंदा प्रथमच पूर्ण केली. पहिली धाव उत्साहाच्या भरात फार वेगाने संपवली, ही माझी मोठी चूक होती. सायकलवरून उतरल्यावर मांड्या इतक्या जड झाल्या की पाय आपले नाहीतच असे वाटले. कारण सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते, तर धावताना तोच भार प्रत्येक पावलाला झेलावा लागतो, आणि हा बदल सरावाशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणूनच आता दर रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्यावरून सायकलने परतताच मी बूट बदलून थेट रंकाळ्याकडे धावत सुटतो.