लेसिथिनच्या नळ्या: तिसऱ्या आठवड्याची नोंद

पहिले दोन आठवडे द्रवरूप सोया लेसिथिनवर, म्हणजे सोयाबीनपासून मिळणाऱ्या स्निग्ध द्रव्यावर गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मिसळलेल्या तेलाच्या थेंबांखेरीज काहीच दिसले नाही. या वेळी तेल काढलेली कोरडी भुकटी घेतली. मोहरीहून लहान कण काचपट्टीवर दाबून पसरला, त्यावर कव्हर स्लिप ठेवली आणि कडेने पाण्याचा एक थेंब आत सोडला. पाणी कणाला टेकताक्षणी त्याच्या कडेतून पारदर्शक नळ्या फुटू लागल्या. काही वळल्या, तर काहींनी दोरीसारखा एकमेकींभोवती पीळ घातला. पहिल्या मिनिटात जेवढी लांबी वाढली, तेवढीच आणखी वाढायला पुढची तीन मिनिटे लागली. मज्जातंतूंतील ज्या द्रव्याला रुडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये 'मायेलिन' हे नाव दिले, त्यावरूनच या नळ्यांना मायेलिन आकृती म्हणतात.

नळ्यांचे मूळ रेणूच्या आकारात आहे. लेसिथिन मुख्यतः फॉस्फोलिपिड या मेदरेणूंचे बनलेले असते. फॉस्फोलिपिडमध्ये ग्लिसरॉलच्या कण्यावर एकीकडे फॉस्फेटचे जलस्नेही डोके असते आणि दुसरीकडे पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या मेदाम्लांच्या दोन शेपट्या. या दोन्ही शेपट्यांची मिळून होणारी रुंदी डोक्याच्या रुंदीशी जवळपास जुळत असल्यामुळे रेणू साधारण दंडगोलाकार ठरतो, आणि असे रेणू शेजारी शेजारी दाटले की सपाट पापुद्रा तयार होतो. शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा रीतीने दोन पापुद्रे जुळले की चार ते पाच नॅनोमीटर जाडीचा द्विस्तर होतो. पेशीपटलाचा पाया हाच. त्याची कड उघडी राहिली तर शेपट्या पाण्याला लागतात, म्हणून तो स्वतःवरच मिटतो. माझ्या नळ्यांमध्ये असे अनेक द्विस्तर एकात एक गुंडाळलेले आहेत आणि दर दोहोंमध्ये पाण्याचा पातळ थर आहे.

काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमधून) पाहिले तेव्हा नळ्या उजळल्या आणि जवळच्या गोल थेंबांवर काळे अधिक चिन्ह उमटले. रेणू केंद्राभोवती त्रिज्येच्या दिशेने रचलेले असल्याचा इतका स्पष्ट पुरावा साध्या सूक्ष्मदर्शकातून मिळावा, याचा मला फार आनंद झाला.

नंतर साबणाचे पातळ द्रावण सोडले. साबणाच्या रेणूला एकच शेपटी असल्यामुळे तो शंकूसारखा असतो. त्याचे सपाट थर न होता बारीक गोळे होतात आणि द्विस्तरात शिरून तो त्याचेही तुकडे करतो. काही मिनिटांत नळ्या कडेपासून विरत गेल्या.

सोया लेसिथिनच्या बऱ्याच शेपट्यांमध्ये दुहेरी बंधांमुळे बाक असतो. त्या घट्ट दाटत नाहीत, म्हणून थर खोलीच्या तापमानालाही प्रवाही राहतो. पुढच्या खेपेस सरळ शेपट्यांचे, म्हणजे हायड्रोजनीकृत लेसिथिन घेणार आहे. त्याच्या नळ्या थंड पाण्यात फुटतात की काचपट्टी तापवावी लागते, हे पाहायचे आहे.