वाकटीचा दिवस आणि काकूंचे हात

वाकटी, म्हणजे पट्टीसारखा लांबट मासा, साफ करायला टेबलावर आली की काकूंच्या हातांना खाज सुटते, हे लाइनवरच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. मला कळलं ते गेल्या ऑक्टोबरात, काकूंच्या पापण्या सुजून डोळे मिटायला आले तेव्हा.

मी रत्नागिरीतल्या एका मासे गोठवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. लोकांना वाटतं, क्वालिटी म्हणजे मासा ताजा की शिळा एवढंच बघायचं. माझा निम्मा वेळ किड्यांवर जातो. वाकटीचं पोट उघडलं की यकृतावर, आतड्यांभोवतीच्या पातळ पडद्यावर मसुराएवढी वेटोळी दिसतात, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी घट्ट. ही ॲनिसाकिस नावाच्या परजीवी कृमीची अळी. चिमट्याने सोडवून कोमट मिठाच्या पाण्यात टाकली तर सावकाश उलगडते, दोन-अडीच सेंटीमीटरचा पांढरट दोरा होतो आणि एक टोक इकडेतिकडे हलत राहतं. मी नुसती संख्या लिहीत नाही. अळी आतड्यावर सापडली की पोटाच्या मांसात, तेही लिहिते. मासा न साफ करता तसाच पडून राहिला तर अळ्या आतड्यातून मांसात शिरतात. त्यामुळे मांसात जास्त सापडल्या की बोटीवर किती दिवस काढले, हे मी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारतेच. खरं उत्तर क्वचितच मिळतं.

ही अळी वाढते डॉल्फिन-देवमाशाच्या पोटात. तिथून अंडी समुद्रात, ती बारीक कोळंबीसारख्या जिवांत, त्यांना खाणाऱ्या माशात आणि पुन्हा डॉल्फिनमध्ये. माणूस या वाटेवर नाहीच. कच्चा मासा खाल्ला तर अळी जठराच्या आवरणात घुसते आणि काही तासांत पोटात भयंकर कळा येतात. नेदरलँड्समध्ये कच्चे हेरिंग खाणाऱ्यांत हा आजार 1960च्या सुमारास ओळखला गेला आणि 1968 मध्ये तिथे मासा गोठवण्याची सक्ती झाली. आजचा युरोपचा नियम असा: कच्चा खायचा मासा आतपर्यंत उणे 20 अंशांवर 24 तास, नाहीतर उणे 35 वर 15 तास. आपल्याकडे कालवण उकळतं, त्यात अळी टिकत नाही. खाणाऱ्याची काळजी नियमाने पुरती घेतली आहे. पोट उघडणाऱ्या हातांचा विचार त्यात कुठेच नाही.

काकू पंधरा वर्षं सुरीवर आहेत. गुदद्वारापासून गळ्यापर्यंत एकच चीर, पित्ताशयाला धक्का नाही, आतडं एका ओढीत बाहेर. असा हात मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवशी लॉट वाईट होता. "मॅडम, आज जास्तीच आहेत," म्हणत त्यांनी एक यकृत माझ्यापुढे धरलं, त्यावर अठरा वेटोळी मोजली. अकराच्या सुमारास ग्लोव्हजच्या वर, कोपरापर्यंत गांधी उठल्या. सुपरवायझर म्हणाले, "पित्त आहे, आमसुलाचं पाणी लावा." बायकांनी लावलंही. पुन्हा टेबलाशी उभ्या राहिल्या आणि अर्ध्या तासात पापण्या सुजल्या, श्वास लागला. कारखान्याच्या गाडीने मी त्यांना दवाखान्यात नेलं. इंजेक्शननंतर तासाभराने त्या नीट बोलू लागल्या, आणि पहिलं वाक्य होतं, "आजचा खाडा धरणार काय?"

रात्री मी प्रथमोपचाराची वही आणि लॉटचं रजिस्टर शेजारी ठेवून बसले. दोन महिन्यांत काकूंच्या नावावर चार नोंदी, चारही "खाज, पित्त", चारही वाकटीच्या दिवशी. कोळंबीच्या दिवशी एकही नाही. क्लोरीनच्या पाण्याने खाज येते म्हणावं, तर ते पाणी रोज तेच असतं. सुपरवायझरांना हे दाखवलं, त्यांनी "योगायोग" म्हणून वही मिटली. त्याचा राग मला अजून आहे.

गोठवल्याने अळी मरते, पण तिच्यातली ॲलर्जी करणारी प्रथिनं शाबूत राहतात, काही तर शिजवूनही. मासे साफ करणाऱ्या कामगारांना या अळीची ॲलर्जी झाल्याचं दक्षिण आफ्रिकेत अभ्यासातून दिसलं आहे. मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, शक्य आहे, पण रक्ततपासणीशिवाय सांगता येणार नाही. काकू म्हणतात, "घरी वाकटी खाते, तेव्हा कुठे काय होतं?" घरी खातात ती साफ करून, रटरटवून. इथे रोज शेकडो पोटं, ओले हात, चेहऱ्यावर उडणारे शिंतोडे. मला फरक तिथेच वाटतो, पण हातात पुरावा नाही. तपासणीला त्या गेलेल्या नाहीत. जायचं तर दिवस बुडतो, आणि त्या ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत.

मी त्यांना कोळंबी सोलायला बसवलं. तिथे किलोवर पैसे. सुरीवर राज्य करणारी बाई सोलण्यात विशी-बाविशीच्या पोरींच्या मागे पडते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात केबिनच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, मला परत वाकटीवर घ्या. दोन-दोन ग्लोव्हज घालीन, लांब बाह्यांचे. तोंडाला फडका बांधीन."

लांब बाह्यांचे ग्लोव्हज मी मागवले आहेत, चेहऱ्याच्या शील्डही. काकूंना मात्र अजून हो म्हटलेलं नाही. उद्या पहाटे मिरकरवाडा बंदरातून वाकटीची गाडी येणार आहे, आणि टेबलाची यादी आज रात्री मलाच लिहायची आहे.